गुरुजींची दुसरी केस

नाशिकरोडला रेल्वेलाइनच्या पलीकडे भट्टीवाडी नावाची वस्ती होती. विटांच्या भट्ट्या केव्हाच विझल्या होत्या, नाव तेवढं राहिलं होतं. तिथल्या प्राथमिक शाळेत मी एकाहत्तर सालच्या जूनमध्ये शिक्षिका म्हणून लागले. कोंडाजी शेजवळ गुरुजी तेव्हा त्या शाळेत वीस वर्षं जुने झाले होते. उंच, काटक, डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. ते वस्तीच्या मधल्या गल्लीत राहायचे.

दिवाळीनंतर मतदारयाद्या दुरुस्त करायचं काम निघालं. हे काम शिक्षकांच्याच गळ्यात पडतं. मी नवखी म्हणून हेडमास्तरांनी मला गुरुजींच्या बरोबर दिलं. पहिल्याच घरात गाडी अडली. लंकाबाई नावाची बाई दारात उभी होती आणि नवऱ्याचं नाव काही केल्या घेत नव्हती.

"मी कसं घेऊ नाव? पाप लागंल," ती म्हणाली.

गुरुजी उंबऱ्याशी खाली बसले. "बरं, नको घेऊ. देवाचं नाव हाय का?"

"हाय."

"शेवटी काय येतं? राम येतं, का नाथ येतं?"

"नाथ."

"पंढरीनाथ?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"एकनाथ? रंगनाथ?"

लंकाबाईनं पदर तोंडाला लावला आणि हसत आत पळाली. गुरुजींनी वहीत रंगनाथ लिहिलं. अशी ती यादी घरोघर तयार झाली. कोणाची सून माहेरी गेलीय, कोण कामासाठी ओझरला राहतो, कोण वारलं, सगळं त्यांना पाठ होतं. लोक त्यांना घरात बोलवत, आणि जे कोणाला सांगत नसत ते त्यांना सांगत.

भट्टीवाडीत तीन भाग होते. वरची आळी सिन्नर-निफाडकडून आलेल्या शेतकरी घरांची. मधली गल्ली बौद्धांची. खालच्या गल्लीत मुसलमान आणि रेल्वेत नोकरीला असलेली परप्रांतातली काही माणसं. शिवाय मोठ्या रस्त्याला लागून दुकानदारांची दहा-बारा घरं. कोणाचं मत कुठे जातं हे सगळ्यांना ठाऊक असायचं. वरची आळी गाय-वासरूवाली, म्हणजे इंदिराबाईंची, मधली हत्तीवाली, खालचीही गाय-वासरूवालीच, आणि दुकानदार पणतीवाले. गुरुजी मला चालता चालता आतल्या गोष्टी सांगायचे. वरच्या आळीतला सावळीराम मात्र पणतीवर शिक्का मारतो, कारण त्याचा सख्खा भाऊ गाय-वासरूवर मारतो आणि दोघांचा भिंतीवरून वाद आहे. मधल्या गल्लीत हत्ती एकच असला तरी पुढारी तीन आहेत, त्यामुळे एका घरातले बापलेक दोन सभांना जातात. खालच्या गल्लीतली एक विधवा गाय-वासरू सोडत नाही, कारण त्यांच्याच माणसानं तिला रेशनकार्ड काढून दिलं होतं.

"लोकांना वाटतं वस्ती जातीवर मत देते," गुरुजी म्हणायचे. "देतेच. पण बाई, प्रत्येक घराला आणखी एक कारण असतं, आणि ते कोणी विचारत नाही."

तोवर एकदाच तिन्ही गल्ल्या एक झाल्या होत्या. नगरपालिकेच्या निवडणुकीत खालच्या गल्लीतला रेल्वेतला एक निवृत्त पॉइंट्समन उभा राहिला होता. त्याचं म्हणणं एकच, वस्तीत नळ आणीन. गुरुजी सरकारी माणूस, प्रचार करणार नाहीत. पण संध्याकाळी ओट्यावर कोणी विचारलं की म्हणायचे, "पाणी कोणत्या चिन्हाचं असतं रे?" तो माणूस निवडून आला, आणि वर्षाच्या आत नळही आला. सकाळी तिन्ही गल्ल्यांचे हंडे एका रांगेत लागायचे. शाळेत येताना मी ती रांग पाहायचे. गुरुजींना तिचा फार अभिमान होता, पण तसं ते बोलून दाखवत नसत.

बाहत्तरच्या दुष्काळात भिकन वरच्या आळीत राहायला आला. सिन्नरकडचा, विशीतला पोरगा. बरोबर आई अंबूबाई आणि नवी नवरी कुसाबाई. गुरुजींनी त्याला एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीसाठी अर्ज लिहून दिला, साहेबापुढे काय बोलायचं तेही घोकवून घेतलं. भिकन कोळशाच्या यार्डात हेल्पर म्हणून लागला. त्याचं नाव मतदारयादीतही गुरुजींनीच घातलं. अंबूबाई जुन्या वळणाची. सुरुवातीला गुरुजींना चहा द्यायची तो वेगळ्या कानतुटक्या कपात. तो कप बाहेरच्या कोनाड्यात असायचा. गुरुजी त्यातूनच प्यायचे. मग भिकनला मुलगा झाला, नाथा. बारशाला गुरुजी गेले तेव्हा तिनं त्यांना घरातल्या कपात चहा दिला. कोनाड्यातला कप नंतर दिसला नाही. हे मला गुरुजींच्या बायकोनं, सुलाबाईंनी सांगितलं होतं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

शहात्तर सालच्या पावसाळ्यात हेडमास्तरांनी आम्हाला ऑफिसात बोलावून एक परिपत्रक वाचून दाखवलं. प्रत्येक शिक्षकानं नसबंदीच्या दोन केसेस आणायच्या. न आणल्यास पगार थांबेल. 'केस' हा शब्द त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी होता. बसमध्ये, बाजारात, शिक्षक भेटले की पहिला प्रश्न, तुमच्या किती झाल्या?

माझ्याही वाट्याला दोन आल्या होत्या. माझे चुलते घोटीकडे राहायचे. त्यांनी तिकडून दोन माणसं आणून उभी केली. ती कोण होती, त्यांना किती मुलं होती, मी विचारलं नाही. माझा पगार चालू राहिला. गुरुजींचं सगळं सांगायचं आणि आपलं झाकायचं हे बरोबर नाही, म्हणून हेही लिहून ठेवते.

गुरुजींची पहिली केस सोपी झाली. त्यांच्याच गल्लीतला फकिरा, सात पोरांचा बाप. तो आपणहून आला आणि म्हणाला, "गुरुजी, मलाच घेऊन चला, माझी बायको सुटंल." दुसरी काही मिळेना. गुरुजी कोणाला गळ घालायला तयार नव्हते. तीन महिने त्यांचा पगार आला नाही. सुलाबाईंना दमा होता. औषधं बंद झाली, तेव्हा त्यांचा श्वास ओट्यापर्यंत ऐकू यायचा.

मग तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. त्यांनी गुरुजींना उभं करून विचारलं, "शेजवळ, मतदारयादी तुमच्या हातची आहे ना?"

"हो साहेब."

"तीत घरं आहेत, वयं आहेत. कोणाला किती मुलं ते तुम्हाला तोंडपाठ आहे असं ऐकतो. मग एक माणूस मिळत नाही? सुरगाण्याला बदली करू का? तिकडे शोधाल?"

वर्गावर जाऊन गुरुजींनी मुलांना पाढे म्हणायला सांगितले आणि खिडकीशी उभे राहिले. मी बाजूच्याच वर्गात होते. मुलं एकोणतीसपर्यंत पोहोचून थांबली, तरी ते तसेच उभे होते.

त्या रविवारी ते भिकनकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते पुढे त्यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं, एकदा नव्हे, अनेकदा.

भिकन खाटेवर बसून नाथाचे केस कापत होता. नाथा साडेतीन वर्षांचा. धाकटी बेबी दोन वर्षांची, आजीच्या मांडीवर. गुरुजींनी आपली अडचण सांगितली. मग म्हणाले, "तुला एक मुलगा, एक मुलगी आहे. दोघांना नीट शिकवशील. मी स्वतः शिकवीन."

कुसाबाई चुलीपाशी होती. ती हळूच म्हणाली, "आणखी एक झालं आसतं मंग बरं."

अंबूबाईही कुरकुरली. पण भिकननं दोघींकडे पाहिलं नाही. कात्री खाली ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही म्हणता तर बरोबरच आसंल. तुमच्या शब्दावर नोकरी लागली. कधी जायचं ते सांगा."

त्याला कोणी धरून नेलं नाही. त्या वर्षी पुष्कळांना तसं नेलं, पण भिकन गुरुजींच्या शेजारी टेम्पोत बसून गेला. येताना त्याच्या हातात शिबिरात मिळालेलं ब्लँकेट होतं. गुरुजींचा तीन महिन्यांचा पगार दिवाळीच्या आधी एकदम निघाला.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत थंडी कडाक्याची होती. नाथाचा घसा आला. अंबूबाईनं हळद-मीठ केलं, बाहेरून लेप लावला. तिसऱ्या दिवशी पोराला गिळता येईना आणि श्वास घुरघुरायला लागला. भिकन पाळीवर होता. कुसाबाई धावत गुरुजींच्या घरी आली. गुरुजींनी पोराला खांद्यावर घेतलं आणि रेल्वेलाइन ओलांडून स्टेशनपर्यंत पळत जाऊन टांगा केला. दवाखान्यात डॉक्टरांनी तोंड उघडून आत पाहिलं आणि घटसर्प सांगितला. दुपारी दोनला नाथा गेला. भिकन कोळशानं माखलेल्या कपड्यांतच आला. गुरुजी मला म्हणाले होते, "त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही बाई. पोराचा पाय तेवढा हातात धरून बसला."

दहाव्यानंतर कुसाबाई गुरुजींच्या दारात आली. रविवार होता. मी सुलाबाईंना भेटायला म्हणून तिथेच होते. आम्हाला वाटलं, ती आरडाओरडा करील, शिव्याशाप देईल. तिनं काहीच केलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं,

"गुरुजी, ते परत जोडता येतं का?"

सुलाबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती प्यायली नाही. "विचारून सांगा," एवढं म्हणून ती गेली.

त्याच महिन्यात निवडणूक जाहीर झाली. मार्चमध्ये मतदान. गुरुजींची ड्यूटी इगतपुरीकडच्या एका केंद्रावर लागली होती, त्यामुळे वस्तीत काय झालं ते त्यांनी पाहिलं नाही. मला ते आमच्या शाळेच्या शिपाईण भागीबाईनं सांगितलं. मतदान आमच्याच शाळेत होतं. एरवी वरच्या आळीतल्या बायका पुरुष आटोपून आले की दुपारी निघायच्या. त्या दिवशी दार उघडण्याच्या आधी बायकांची रांग फाटकाबाहेर गेली होती. तिन्ही गल्ल्यांच्या बायका. खालच्या गल्लीतल्या बुरख्यातल्या, मधल्या गल्लीतल्या, कडेवर पोरं घेऊन. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. कुसाबाईचं ते पहिलंच मत. मतपत्रिका हातात घेऊन तिनं टेबलामागच्या माणसाला सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"आप्रेशनवाल्यांचं चिन्ह कोणतं? त्याच्यावर शिक्का मारायचा नाय, तेवढं सांगा."

तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "बाई, असं विचारायचं नसतं." मागच्या बायकांपैकी एकीनं म्हटलं, "गाय हाय ती, कुसा. तिला सोडून कुठंबी मार."

दिल्लीतलं सरकार पडलं. भट्टीवाडीच्या पेट्यांतून गाय-वासरूला इतकी कमी मतं निघाली की त्यांच्या लोकांचा विश्वास बसेना. त्यांचा वस्तीतला कार्यकर्ता केरू गुरुजींकडे आला. चांगला माणूस होता. ओट्यावर बसून म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला ही वस्ती घरं न् घरं पाठ. वरची आळी आमची, खालची गल्ली आमची. मतं गेली कुठं? कोणी फोडली?"

गुरुजी म्हणाले, "माझ्यामुळं गेली."

"तुमच्यामुळं? तुम्ही तर इथं नव्हता."

"नव्हतो," गुरुजी म्हणाले, आणि उठून घरात गेले.

नव्या सरकारनं ज्यांना हवं असेल त्यांचं ऑपरेशन फुकट पुन्हा जोडून देण्याचं जाहीर केलं. गुरुजींनी पेपरातलं ते कात्रण खिशात ठेवलं. ऑगस्टमध्ये रजा काढून ते भिकनला मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. आठ दिवस त्याच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपले. त्याला पेज भरवली, त्याचे कपडे धुतले. डॉक्टर म्हणाले, आम्ही जोडलंय, आता वाट पाहा. त्यांनी वाट पाहिली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. कुसाबाईची कूस पुन्हा उजवली नाही.

दरम्यान वरच्या आळीत एक बोलणं सुरू झालं होतं. कोणी सुरू केलं कळलं नाही. वरच्या आळीची पोरं कमी व्हावीत आणि स्वतःची मतं वाढावीत म्हणून मधल्या गल्लीवाल्यांनी मुद्दाम यादी बघून वरच्या आळीतल्या लोकांना नेलं, असं ते बोलणं. फकिरा मधल्या गल्लीतलाच होता आणि तो पहिला गेला होता, हे कोणी ध्यानात घेतलं नाही. अठ्ठ्याहत्तरच्या विधानसभेला वरच्या आळीत हत्तीचं नाव काढलेलं चालत नव्हतं. पुढे त्याच वर्षी मराठवाड्यात नामांतरावरून बौद्धांची घरं जळाली, तेव्हा इथेही हवा तंग झाली. नळावरची रांग तुटली. वरच्या आळीनं सकाळची वेळ घेतली, मधलीनं दुपारची. मधल्या गल्लीतल्या तरण्या पोरांनीही गुरुजींना बोल लावला. "तुम्ही केलं एकट्यानं, आणि ऐकून घ्यायचं आम्ही साऱ्यांनी." विहारातल्या बैठकीला त्यांना बोलावणं येईनासं झालं. दोन्हीकडचे एकमेकांशी भांडत होते, पण गुरुजींना दोष देण्यात दोघांचं एकमत होतं.

एकोणऐंशीच्या अखेरीस पुन्हा मतदारयाद्या आल्या. मी हेडमास्तरांना म्हटलं, या वेळी गुरुजींना नको. पण त्यांनीच काम मागून घेतलं. आम्ही दोघं पुन्हा घरोघर निघालो. मागच्या वेळी जिथे चहाला नको म्हणावं लागायचं, तिथे आता दार अर्धंच उघडायचं. लंकाबाईनं नवऱ्याचं नाव ताडकन सांगितलं आणि विचारलं, "वय कशाला पाह्यजे?" दुसऱ्या एका घरी पोरांना आत लोटून दार लावून घेतलं. गुरुजी खाली मान घालून लिहीत होते.

भिकनच्या दारात अंबूबाई म्हणाली, "उभ्यानंच लिवा मास्तर."

त्यांनी उभ्यानं लिहिलं.

ऐंशीच्या जानेवारीत निवडणूक झाली. आणि मतं परत आली. गाय-वासरू जाऊन पंजा आला होता, पण वरची आळी, खालची गल्ली, सगळे होते तिथे गेले. केरूनं पेढे वाटले. कुसाबाईनं काय केलं मला माहीत नाही. पण पंजावर शिक्का मारल्याचं भिकननं स्वतःच सांगितलं. तो बेबीचं नाव शाळेत घालायला आला होता. दाखल्याचं काम मी करत होते. गुरुजी बाजूच्या खुर्चीत होते. त्यांना राहवलं नाही.

"भिकन, त्यांनाच दिलंस?" त्यांनी विचारलं. "ज्यांनी हे सगळं आणलं त्यांना?"

भिकननं बेबीला जवळ ओढलं. मग म्हणाला, "त्यांच्यावर कसला राग धरायचा गुरुजी? ते दिल्लीत. आम्ही त्यांना कुठं वळखत होतो?"

त्याच्या आवाजात टोचून बोलण्याचा भाव नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. दाखल्यावर अंगठ्याऐवजी त्यानं सही केली, गुरुजींनीच शिकवलेली, आणि बेबीला घेऊन वर्ग बघायला गेला. गुरुजी उठून बाहेर गेले. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली ते मधली सुट्टी संपेपर्यंत उभे होते. मी जवळ गेले. ते म्हणाले, "बाई, मला वाटत होतं लोकांनी सरकार पाडून राग काढला. तो राग माझ्यावरचाच होता, त्यांनी तो फक्त पेटीत टाकला. पेटी रिकामी झाली. माझ्या वाट्याचा तसाच आहे."

बेबी दीड वर्षच आमच्या शाळेत होती. गुरुजी तिला शिकवायचे तेव्हा आवाज इतका हळू करायचे की मागच्या बाकांना ऐकू जायचं नाही. एक्याऐंशीत भिकनला एकलहऱ्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळाली आणि ते घर वस्तीतून गेलं. गुरुजींना वाटलं होतं जाताना भेटतील. टेम्पोत सामान भरून ती माणसं सकाळीच गेली.

गुरुजी चौऱ्याऐंशीत निवृत्त झाले. समारंभाला शाळेचे लोक होते, वस्तीतलं फारसं कोणी नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात लोकसभेची निवडणूक आली. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या केंद्रावर ड्यूटी केली होती, आपलं मत पोस्टानं पाठवलं होतं. भट्टीवाडीच्या रांगेत ते प्रथमच उभे राहिले. इंदिराबाईंच्या हत्येनंतरची ती निवडणूक, सगळी वस्ती एकाच चिन्हाकडे चालली होती. पुन्हा एकदा तिन्ही गल्ल्यांचं मत एक झालं, पण रांगेत माणसं आपापल्या गल्लीप्रमाणेच उभी होती. गुरुजींच्या पुढे जागा सुटायची, मागेही सुटायची. खालच्या गल्लीत नुकतीच लग्न होऊन आलेली एक पोरगी होती, तिला काही माहीत नव्हतं. तिनं चिठ्ठी पुढे करून विचारलं, "बाबा, ये मेराच नंबर है क्या?" गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि तिला नंबर, खोली, दार, सगळं समजावून सांगितलं. त्या दिवशी ते दुपारी जेवले चांगले, असं सुलाबाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी सुलाबाई गेल्या. त्यानंतर गुरुजी बहुतेक घरातच असायचे. मी पंधरा दिवसांतून एकदा जायचे. ते मला जुन्या यादीतली घरं सांगायचे, कोणत्या घराला काय कारण होतं ते. कधी कधी मधेच थांबायचे. मी समजायचे, पुढचं घर कोणाचं आहे.

सत्त्याऐंशीच्या भाद्रपदात एका सकाळी ते उठलेच नाहीत. मधल्या गल्लीतली माणसं आली, रीतीनं सगळं केलं. ज्या पोरांनी त्यांना बोल लावले होते त्यांनीच खांदा दिला. वरच्या आळीतून केरू आला आणि लंकाबाईचा रंगनाथ आला. बाकी दारं उघडी होती, माणसं उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

एकलहऱ्याहून भिकन सायकलवर आला. केस पांढरे झाले होते, पस्तिशी-छत्तिशीतच. तो शेवटपर्यंत मागे थांबला. परतताना स्टेशनच्या रस्त्यावर सायकल हातात धरून तो माझ्याबरोबर चालला.

"बाई, गुरुजी येत होते आमच्याकडं," तो म्हणाला. "तुम्हाला सांगितलं होतं का?"

मला माहीत नव्हतं.

"दोन-तीन महिन्यांनी यायचे. बेबीला वह्या आणायचे. कुसा पाणी ठेवायची आन् आत जाऊन बसायची. ते गेल्याबिगर बाहेर यायची नाय. मंग ते माझ्याकडं बघत बसायचे."

"काही बोलायचे?"

"नाय. त्यांना एकच पाह्यजे होतं. मी म्हणावं, जाऊ द्या गुरुजी, झालं ते झालं." त्यानं सायकलच्या घंटीवर बोट ठेवलं, वाजवली नाही. "माझ्या मनात लय वेळा आलं. मला राग राहिलाच नव्हता. पण कुसा आत आसायची, भिंतीच्या पल्याड. तिला ऐकू जाईल आसं मी कसं म्हणू?"

तो सायकलवर बसला आणि एकलहऱ्याच्या रस्त्याला लागला. त्याची दुपारची पाळी होती.